बाईंचे वाफे

पत्र्याचा डबा पाण्यावर तरंगत होता आणि मार्था दिसत नव्हती.

मार्था माझी धाकटी बहीण. दिवेलागणीची वेळ होती, थंडी मी म्हणत होती. शिरूरच्या आमच्या बोर्डिंगच्या विहिरीला पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या होत्या. आम्ही मुली त्या पायऱ्यांवर ओळीनं उभ्या राहून भाजीच्या वाफ्यांसाठी डबे हातोहात वर देत होतो. एक डबा मार्थाच्या हातातून निसटला आणि खडखडत खाली गेला. तो आणायला ती उतरली. पायऱ्या कुठं संपल्या ते तिला कळलं नाही.

आमच्या ओरडण्यानं बाई वाफ्यातून पळत आल्या. बाई म्हणजे आमच्या मास्तरीण आणि बोर्डिंगच्या प्रमुख, दोन्ही त्याच. त्यांना पोहता येत नव्हतं. ते आम्हांला माहीत होतं, कारण त्यांनीच एकदा वर्गात सांगितलं होतं. त्यांनी रहाटाचा दोर सोडवून कमरेला बांधला, दुसरं टोक माझ्या अंगावर टाकलं आणि म्हणाल्या, "चौघीजणी धरा. सोडलात तर मी मेले, एवढं लक्षात ठेवा." मग शेवटच्या पायरीवरून त्यांनी पुढं पाऊल टाकलं. रस्त्यावर टाकावं तसं टाकलं. आणि बुडाल्या.

वर आल्या, परत बुडाल्या. पुन्हा वर आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत मार्थाची वेणी होती. आम्ही ओढलं.

मार्थाच्या नाकातोंडातून पाणी निघालं आणि ती रडायला लागली. बाईंनी तिला आपल्या ओल्या पदरात गुंडाळलं. स्वतः लटलट कापत होत्या. विचारलं काय, तर, "तुला पायरी दिसली नाही का गं?"

"न्हाई बाई. मला सांच्याला काईच दिसत न्हाई."

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं. थंडीत व्हतंच की तसं."

"आणखी कोणाला होतं?"

बऱ्याच मुलींनी हात वर केले. आम्हां मुलींना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. रातांधळं येतं आणि जातं, थंडीत नाकाला पाणी येतं तसं. बाई मात्र तिथंच ओल्या दगडावर बसल्या. "आणि मी तुम्हांला रोज संध्याकाळी विहिरीवर पाठवत होते," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी वाफे का काढले होते, ते आता सांगते.

बाई पुण्याच्या. त्यांचे वडील छापखान्यात कामाला होते. भाजी त्यांनी मंडईत रचलेली पाहिली होती, उगवताना पाहिली नव्हती. बोर्डिंगात आम्हांला रोज भाकरी आणि डाळ असे. भाजी कधीमधी, तीही वांगं नाहीतर बटाटा. एकदा दुपारी त्यांनी एका मुलीला भिंतीचा पोपडा काढून खाताना पकडलं. त्यांनी तिला मारलं नाही. स्वतः एक पोपडा काढून तोंडात टाकला, चघळला आणि थुंकला. म्हणाल्या, "चव तर काही नाही. मग पोटालाच काहीतरी कमी पडतंय. माती खाता ना? मातीतूनच काढून देते." दुसऱ्या दिवशी त्या कुदळ घेऊन विहिरीमागच्या पडीक जागेत उभ्या होत्या. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, डोक्यावर छत्री. एका हातात छत्री धरून कुदळ मारता येत नाही, हे कळायला त्यांना अर्धी सकाळ लागली. मग छत्री माझ्याकडे आली.

आम्ही बहुतेक शेतावर राबणाऱ्यांच्या पोरी. आमचे वडील राहू गावाजवळ एका बागाइतदाराकडं सालानं होते. आई नव्हती. बाईंचं काम बघून आम्हांला हसू आवरायचं नाही. धने रगडून दोन फाका करून पेरतात. त्यांनी अख्खे पेरले. गाजराचं बी बोटभर खोल पुरलं. मेथी उगवली का ते बघायला त्या रोज सकाळी वाफा उकरायच्या.

"बाई, झोपू द्या की तिला," मार्था म्हणायची.

"अगं, जिवंत आहे का नाही ते बघते."

"तुमी असं बघितलं तर मी पण मरंन."

बाईंना अशा बोलण्याचा राग येत नसे. दुसऱ्या मास्तरणीनं कान उपटला असता. बाई तिच्याकडं बघायच्या, विचार करायच्या आणि उकरलेलं परत झाकायच्या.

त्या सगळ्यांना सल्ला विचारत आणि सगळ्यांचा सल्ला एकदम अमलात आणत. वाण्याला विचारलं, पोस्टमनला विचारलं, एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईला विचारलं. कोणी सांगितलं राख टाका, राख टाकली. कोणी सांगितलं राख टाकू नका, ती उचलली. सगळ्यांत जास्त ऐकायच्या आप्पांचं. आप्पा म्हणजे कुंपणापलीकडचे शेतकरी, मूळचे मांडवगण फराट्याकडचे. धोतर, मुंडासं, तोंडात कायम तंबाखू. कुंपणावर हात ठेवून उभे राहायचे आणि बाईंची गंमत बघायचे.

कोबीची रोपं लावली त्या दिवशी आप्पा म्हणाले, "आता येळंवर आंबवणी द्या, मंग चिंबवणी. त्यातच समदं हाय बगा."

बाईंनी मान हलवली. आमच्याकडं कोणीही पोर सांगेल, रोप लावल्यावर दोन-तीन दिवसांनी जे हलकं पाणी देतात ते आंबवणी, आणि त्याच्यानंतरचं चिंबवणी. बाईंनी शब्दाचा अर्थ शब्दातून काढला. शिकलेली माणसं काढतात तसा. त्यांनी स्वैपाकाच्या मावशींकडून ताक मागवलं, घागरीत भरलं, त्यात पाणी ओतलं आणि ती घागर उन्हात ठेवून चांगली आंबवली. नाक धरून जावं लागे. आम्ही काही बोललो नाही. आम्हांला वाटलं, इंग्रजी पुस्तकात असेल. मग ते ताक कोबीला घातलं. आणि त्यानंतर चिंबवणी, म्हणजे रोपं चिंब होईपर्यंत डब्यावर डबे.

सकाळी गावातली सगळी कुत्री वाफ्यात. ती माती चाटत होती, लोळत होती, एकमेकांवर गुरगुरत होती. कोबीची रोपं पिवळी पडून आडवी झालेली. आप्पा कुंपणाशी आले, वास घेतला, घागर बघितली, आणि हसत हसत बांधावर खाली बसले.

"बाई, कोबीची कढी करायची व्हती का?"

दुसरी कोणी असती तर आत निघून गेली असती. बाई चिखलातून चालत कुंपणापाशी गेल्या. "आप्पा, तुमचा शब्द मला कळला नव्हता. कळला असं मी धरून चालले. आता सांगा."

आप्पांचं हसू थांबलं. त्यांनी तंबाखू थुंकली आणि नीट सांगितलं. त्या दिवसापासून बाई प्रत्येक शब्दाला अडवायच्या. आप्पा म्हणाले, वाफसा आला की खुरपा, तर बाई म्हणायच्या, "वाफसा म्हणजे वाफ नव्हे ना?" नव्हेच; पाणी दिल्यावर माती बेताची ओली राहते तो वाफसा. आप्पा दमून जायचे. घरी जाऊन कारभारणीला म्हणायचे म्हणे, "ही बाई मला मराठी शिकवाया लागलीया."

ताकाची गोष्ट बाई स्वतःच सगळ्यांना सांगत. शाळा तपासायला साहेब आले, त्यांनाही सांगितली. चूक झाकायची असते हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं बहुतेक. मी पुढं पुष्कळ शहाणी माणसं पाहिली. चूक झाली की ती माणसं दुसऱ्यावर खेकसतात. बाई खेकसायच्या, पण ते शेळ्यांवर.

शेळ्यांचं त्यांना फार होतं. गळ्यात एक शिट्टी असे, ती फक्त शेळ्यांसाठी. बोर्डिंगात जेवणाआधी प्रार्थना होई, वाफ्यात कामाआधीही होई. आम्ही डोळे मिटायचो. बाई उघडे ठेवून प्रार्थना करायच्या. "हे आमच्या स्वर्गातील बापा, आमच्या हातांना यश दे," की मध्येच शिट्टी, "हाऽड!" आणि लगेच, "तुझ्या नावाने मागतो, आमेन." एका मोठ्या मुलीनं विचारलं, बाई, डोळे उघडे ठेवून प्रार्थना चालते का? बाई म्हणाल्या, "देवाला मी दिसले म्हणजे झालं. शेळीकडे मलाच बघायला हवं."

तर, विहिरीच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी रातांधळ्या मुलींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पापण्या उलटून बघितल्या. म्हणाल्या, माशाचं तेल देते एरवी, पण संपलंय, कधी येईल सांगता येत नाही. पालेभाजी द्या, गाजर द्या, काळीज द्या. रोज द्या, थोडं नाही, भरपूर. काळीज आमच्याकडं नाताळाला मिळायचं तर मिळायचं. राहिला पाला.

त्याच संध्याकाळी पाळकसाहेब आले. देवळाचा, म्हणजे आमच्या चर्चचा, आणि बोर्डिंगचा असा दोन्ही कारभार त्यांच्याकडं होता. माणूस वाईट नव्हता. मागं एक मुलगी बोर्डिंगातच तापानं गेली होती, आणि तिच्या बापाला सांगायला ते स्वतः चालत गेले होते. त्यानंतर मुलगी नुसती शिंकली तरी ते घाबरत.

"ज्यांना दिसत नाही त्यांना नाताळाला घरी पाठवा," ते म्हणाले. "आणि तिकडंच राहू द्यात. मी दुसऱ्यांदा कुणाच्या दारात जाणार नाही."

"घरी काय देतील त्यांना?" बाई म्हणाल्या.

"घरचे बघतील."

"घरी काय मिळतं ते यांच्या डोळ्यांतच दिसतंय साहेब."

मी दाराआड उभी होते. मला काय ऐकू आलं ते मला बरोबर कळलं. मार्था घरी गेली म्हणजे मलाही जावं लागणार. तिला एकटीला घरी कोण बघणार? वडील दिवसभर मालकाच्या मळ्यात. आमच्याकडं शाळेतून घरी आलेली मुलगी परत शाळेत जात नसे. तिच्या हाती खुरपं द्यायचे, आणि दोन-चार वर्षांनी लग्न. मी चौथीत होते, मार्था दुसरीत. मला शाळेचं फार प्रेम होतं असं नाही. पण मार्थाला होतं. आणि संध्याकाळनंतर भिंत चाचपत चालणारी पोर भीमेच्या काठच्या त्या घरात कशी राहणार, हे मला दिसत होतं.

"सुगीच्या उपासनेपर्यंत द्या मला," बाई म्हणाल्या. ही उपासना पीक हाती आल्यावर देवळात होई, नाताळानंतर महिना-दीड महिन्यानं.

पाळकसाहेब जायला निघाले. मग म्हणाले, "तोवर. त्यानंतर मी पोरींचं ऐकणार नाही, आणि तुमचं तर नाहीच."

मग बाई वाफ्यांच्या मागंच लागल्या. मेथी, पालक, चाकवत सगळं नव्यानं पेरलं. या वेळी रोज उकरलं नाही; हात मागं बांधून वाफ्याभोवती फिरायच्या. संध्याकाळचं पाणी बंद, सकाळचं सुरू. विहिरीच्या खालच्या पायरीवर फक्त त्या स्वतः, कमरेला दोर बांधून. पाणी पुरेना तेव्हा त्यांनी आमची न्हाणी हलवली. वाफ्यांच्या वरच्या अंगाला गोणपाटाचा आडोसा केला आणि आम्हांला तिथं आंघोळ करायला लावलं, म्हणजे अंगावरचं पाणी सरळ पालकाला. साबण बंद. पालकाला सोसत नाही म्हणून आम्ही बेसनानं अंग घासायचं. पहाटेचा गारठा, गोणपाटातून वारा. मुली दात वाजवत शिव्या घालायच्या, हळू आवाजात. बाई पलीकडून म्हणायच्या, "ऐकू येतंय. पाणी डावीकडच्या वाफ्यात गेलं का ते बघा."

गाजरं बघून आप्पा म्हणाले, "बाई, ही आमी बैलाला घालतो."

"तुमचा बैल संध्याकाळी ठेचकाळतो का?"

आप्पांनी विचार केला. "न्हाई."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवसापासून आप्पा सकाळी मोटेचं जास्तीचं पाणी कुंपणाखालून आमच्याकडं सोडायला लागले. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "बैलाची नजर चांगली हाय, पोरींची पन व्हऊ द्या."

चाकवत आला. असा आला की आम्ही शेतकऱ्यांच्या पोरीसुद्धा बघत राहिलो. बाईंनी विळा घेतला आणि मोठ्या मुलींना म्हणाल्या, कापा.

कोणी हललं नाही.

"काय झालं?"

"बाई, पयलं पीक देवाचं असतंय," एकजण म्हणाली. "सुगीच्या उपासनेला देवळात ठिवल्याबिगर खायाचं नसतं. आमची आजी शेंगसुद्धा तोडू देत न्हाई."

हे बाईंना ठाऊक नव्हतं. शहरातल्या देवळात लोक पैसे टाकतात. आमच्याकडं पहिली कणसं, पहिल्या शेंगा, भोपळे देवळात मेजापुढं ठेवायचे. उपासना झाली की बाहेर त्याचा लिलाव. ज्याच्याकडं पैसा तो घेऊन जातो. उपासना अजून लांब होती. तोवर चाकवत जून होऊन गेला असता. आणि गेला असता कुणाच्या घरी? दुकानदाराच्या. तरीही एकीनंही पान तोडलं नाही. मार्थानंसुद्धा नाही. तिला सगळं माहीत होतं, आपल्याला घरी पाठवणार तेही. पण पहिलं पीक खाल्लं तर डोळे कायमचे जातील, असं तिच्या डोक्यात बसलं होतं.

बाई पाळकसाहेबांकडं गेल्या. उपासना अलीकडं घ्या म्हणाल्या. साहेब म्हणाले, "तुमच्या भाजीसाठी देवाचा सण हलवू?"

बाई परत आल्या, वाफ्याच्या कडेला बसल्या. शिट्टी तोंडात धरून विचार करत होत्या. मग उठल्या. "पहिलं पीक देवाच्या घरी न्यायचं. बरोबर?"

"व्हय."

"कोणत्या रविवारी ते देवाला चालतं?"

मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. "कुठल्याबी चालत असंल की."

"आणि कच्चंच न्यायचं असं कुठं आहे?"

त्या रविवारी आम्ही देवळात गेलो. पुढं बाई, कॅनव्हासचे बूट धुऊन. मागं दोन मोठ्या मुली, मधे काठीला अडकवलेलं मोठं पातेलं, त्यात डाळ घातलेला चाकवत, लसणाची फोडणी दिलेला. मागं आम्ही भाकऱ्यांच्या टोपल्या घेऊन. वास असा सुटला की पहिल्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. पातेलं मेजापुढं ठेवलं. पाळकसाहेबांनी गीताचं पुस्तक मिटलं.

"हे काय?"

"पहिलं पीक."

"बाई, हे कच्चं आणायचं असतं. त्याचा लिलाव होतो."

"शिजवलेल्याचा लिलाव करायचा असेल तर करा साहेब. पण लवकर करा, निवतंय."

मागून आप्पांचं हसू ऐकू आलं. आप्पा हिंदू, देवळात कधी येत नसत. त्या दिवशी दारात जोड्यांपाशी उभे होते. चाकवत त्यांच्या पाण्यावर वाढला होता ना.

पाळकसाहेबांनी पातेल्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. मग हात वर करून आशीर्वाद म्हटला. पूर्ण म्हटला, एक शब्द गाळला नाही. नंतर व्हरांड्यात सगळे जेवलो. साहेबही जेवले. आप्पांना पानावर वेगळं वाढून दिलं, ते म्हणाले वेगळं कशाला, आणि टोपलीतली भाकरी उचलली.

देवाचं देऊन झालं, मग मुली खायला लागल्या. रोज. सकाळी मेथी, संध्याकाळी चाकवत, मध्ये कच्ची गाजरं. इतका पाला खाल्ला की आम्हांला त्याचा कंटाळा आला. बाई आमच्या पंगतीतून फिरायच्या आणि ज्या पोरीनं भाजी कडेला सारली असेल तिच्या डोक्यावर हलकेच शिट्टी वाजवायच्या, म्हणजे शिट्टीनं टकटक करायच्या. मार्थाला त्या कधी विचारत नसत, दिसतंय का म्हणून. मी एकदा विचारलं, का विचारत नाही? म्हणाल्या, "मी विचारलं तर ती माझ्यासाठी हो म्हणेल. खोटं हो मला नकोय."

सुगीची उपासना तोंडावर आली. ज्यांना अजून दिसत नसावं असं पाळकसाहेबांना वाटलं, अशा दोन मुलींच्या घरी त्यांनी निरोपही धाडला, येऊन घेऊन जा म्हणून. त्यांतला एक आमच्या वडिलांना होता.

अशाच एका संध्याकाळी पंगत बसली होती. दिवस मावळला होता, कंदील अजून यायचा होता. मावशींनी भाजी वाढली. मार्था ताटावर वाकली आणि वाकूनच राहिली.

"बाई, भाजीत अळी हाय."

भाजी मोठ्या मुलींनी निवडली होती, त्यांना वाटलं आता ओरडा बसणार. बाई आल्या.

"कुठं आहे?"

"ही काय, देठाला. हिरवीच हाय."

बाईंनी ताट उचललं, डोळ्यांशी धरलं, लांब धरलं. "मला दिसत नाही."

"मला दिसती की. हालतीय बगा."

बाईंनी एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात मार्थाचा हात धरला, आणि तशाच अंगण ओलांडून पाळकसाहेबांच्या व्हरांड्यात गेल्या. आम्ही सगळ्याजणी उष्ट्या हातानं मागं. साहेब बाहेर बसले होते. त्यांनी चष्मा लावला, ताट उजेडाच्या बाजूला वळवलं, तरी दिसेना. मार्थानं बोट ठेवून दाखवली. मग दिसली.

"आहे खरी," ते म्हणाले.

"मी नाही शोधली साहेब. हिनं शोधली."

पाळकसाहेबांनी ताट बाकावर ठेवलं. चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला.

"भाजी नीट निवडत जा," ते म्हणाले, आणि आत गेले.

सकाळी त्यांनी दोन्ही घरी दुसरा निरोप पाठवला, येऊ नका म्हणून. आमचे वडील तोवर निघाले होते. ते आले, मार्थाला बघितलं, ओसरीवर बसून भाकरी आणि गाजराची भाजी खाल्ली, आणि एकटे परत गेले.

त्या हिवाळ्यात बोर्डिंगातली एकही मुलगी कायमची घरी गेली नाही. मी चौथी पास झाले आणि स्वतःच्या मनानं घरी आले. मार्था पुढं शिकली, नर्स झाली, दौंडच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झाली आणि तिथंच राहते. आप्पा गेले, पाळकसाहेब गेले, बाई म्हाताऱ्या होऊन गेल्या. आम्ही दोघी बहिणी आहोत.